चावदिसाचे पोहे

॥ श्री ॥
लालबाग, मुंबई
५ नोव्हेंबर १९५६

चि. सौ. दुर्गा हिस बकुळाचे अनेक आशीर्वाद.

तू बोटीवर दिलेले पोहे भाऊच्या धक्क्यावर वेळेवर उतरले. पिशवीला जरा ओल लागली होती, पण पोहे कोरडे राहिले. लाल भात, नवीन, मुसळाने कांडलेला. पिशवीचं तोंड सोडलं आणि खोलीभर आपल्या खळ्याचा वास सुटला. बावीस जेवणारी माणसं. प्रत्येकाला आपापलं घर आठवत होतं.

तुझा निरोपही पोचला. शिमग्याला गणपत आला तेव्हा तुमचं नवराबायकोचं भांडण झालं, त्या रागाने त्याने पत्र टाकलं नाही, असं तुला वाटतं. 'पोहे खाल्ले की राग गेला असं मी समजेन,' असं तू कळवलंस. तर ऐक. त्याने पोहे खाल्ले. तुझ्या हातचे म्हणून पहिल्या घासाला ओळखले. वर कच्चेही मूठभर मागून घेतले. आता तरी तुझा जीव भांड्यात पडू दे.

पोहे एवढे होते की खाणावळीला पुरून उरले असते. म्हणून या वर्षी मी एक नवीन केलं. घोडपदेवला गोदामाच्या भिंतीकडेला फुटपाथवर जी माणसं राहतात, त्यांना नरकचतुर्दशीला चावदिसाचं जेवण घातलं. सकाळीच. गोदामं सणाची बंद, त्यामुळे रस्ता मोकळा होता. गोड पोहे, दह्यातले पोहे, काळ्या वाटाण्याची उसळ, पत्रावळीवर. साठ-पासष्ट माणसं बसली. खाणावळीतला रामदास उसळीची बादली घेऊन माझ्यामागे. गणपतही तिथेच होता.

चाळीत यंदा कंदील थोडेच लागले. महाराष्ट्र मिळाला नाही, मुंबई दुसऱ्याच्या राज्यात घातली, म्हणून पोरं रुसली आहेत. पण रांग घातली म्हणून मंडळाच्या लोकांनी मला नारळ दिला. तुझी बहीण म्हणजे लालबागची अन्नपूर्णा झाली बघ. हसू येतं ना? मलाही येतं.

गणपतचं ताट माझ्या फळीवर आहे. त्यावर ठोकलेले त्याच्या नावाचे ठिपके मी मुद्दाम चिंचेने घासून उजळले. आमच्या खाणावळीची रीत तुला ठाऊक आहे. गावी गेलेल्याचं ताट फळीवर पालथं घालायचं, तो परत आला की सुलटं करायचं. म्हणजे कोण घरी आहे आणि कोण यायचा आहे ते एका नजरेत कळतं.

तात्या पोस्टमन खळ्यात बसून हे वाचतील तेव्हा सासूबाई, मामंजी सगळेच असतील. सर्वांना माझा नमस्कार सांग. तुझ्या राधाला पापा.

तुझी
बकुळा

*

॥ श्री ॥
लालबाग
२८ ऑक्टोबर १९५७

चि. सौ. दुर्गास आशीर्वाद.

हे पाकिटातून पाठवते आहे. तात्यांना म्हणावं, खळ्यात नको, मागच्या पडवीत बसून वाचा आणि तुझ्याशिवाय कुणाला सांगू नका. पोस्टमनने पोटात ठेवायचं असतं, नाहीतर पिशवी कशाला दिली सरकारने.

वर्षभरात तुझी तीन कार्डं आली. हे शिमग्याला आले नाहीत, गणपतीला आले नाहीत, काय झालं म्हणून. मी उत्तर दिलं नाही. काय लिहिणार होते? यंदा तरीही पोहे आले, आणि आता गप्प बसवत नाही.

दुर्गा, गणपत माझ्या खाणावळीत नाही. गेल्या वर्षी आषाढापासून नाही. मागच्या पत्रात मी ते लपवलं.

त्याला खोकला होता हे तू शिमग्याला बघितलंच असशील. मिलमध्ये कार्डिंग खात्यात कापसाची धूळ खाऊन खाऊन तो खोकला सगळ्यांनाच असतो. पण त्याच्या पंच्याला रक्त दिसलं. मिलच्या डॉक्टरने त्याला घरी बसवलं. आणि मग माझ्या खोलीत कुजबूज सुरू झाली. त्याच्या शेजारी ताट मांडायला कुणी तयार होईना. मी त्याचं ताट वेगळं घासू लागले, पाण्याचा तांब्या वेगळा केला. तेवढ्याने भागलं नाही. एका दुपारी बारा जण मिळून आले. एक तर तो, नाहीतर आम्ही.

गंमत बघ. त्याच वर्षी जानेवारीत गोळीबार झाला, संचारबंदी लागली, तेव्हा हीच माणसं तीन दिवस याच खोलीत कोंडून होती. एका टोपातली पेज सगळ्यांनी प्याली. गणपत तेव्हाही खोकत होता. तेव्हा सगळे भाऊ होते.

मी त्याला म्हटलं, गावाला जा. बाकी काही म्हटलं नाही. तो म्हणाला, बोटी बंद आहेत. खरंच होतं ते. पावसात देवगडची बोट कुठली? मी म्हटलं, बोटी सुरू होईपर्यंत कुठेतरी बघ. 'कुठेतरी' म्हणजे कुठे, हे मी सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. त्याने स्वतःचं ताट राखेने घासलं, फळीवर पालथं घातलं आणि वळकटी घेऊन उतरला. घरी कळवू नका, मीच जाऊन सांगेन, एवढं म्हणाला.

रामदासच्या हाती मी डबा पाठवत होते. शिवडीला एका गोदामाच्या ओसरीला तो राहायचा. नारळी पुनवेनंतर रामदास डबा तसाच परत घेऊन आला. जागेवर नाही, बोटीने गेला असणार, म्हणाला. मी लगेच विश्वास ठेवला. सोयीचं असलं की विश्वास ठेवायला वेळ लागत नाही.

मग तुझे पोहे आले, 'त्यांच्यासाठी' म्हणून. तेव्हा कळलं की तो घरी पोचलाच नाही.

ती रांग मी दानधर्म म्हणून घातली नव्हती. शिवडीला तो नव्हता. म्हटलं, सणाच्या जेवणाला भुकेलं माणूस कुठूनही येतं. घोडपदेव हे शिवडी आणि भाऊच्या धक्क्याच्या मधलं ठिकाण. तुझे पोहे शिजवले तर त्याला वास येईल, असंसुद्धा मनात आलं. बाईमाणसाची अक्कल म्हण. यंदाही त्यासाठीच घातली. यंदा नव्वद पानं उठली. तो नव्हता.

तिथे शांता म्हणून एक बाई राहते. गेल्या वर्षीपासून ती लोकं बौद्ध झाली आहेत. मी पान मांडलं तशी ती म्हणाली, "दिवाळीचं म्हणून नको. आमी ते सोडलंय. भूक लागलीय म्हणून देत असशील तर घेते." मी म्हटलं, भुकेचं म्हणूनच घे. मग ती बसली. तिला गणपतबद्दल विचारलं. तिला काही ठाऊक नाही.

मला शिव्या दे. पण कार्ड टाक.

तुझी
बकुळा

*

॥ श्री ॥
लालबाग
१६ नोव्हेंबर १९५८

चि. सौ. दुर्गास आशीर्वाद.

वर्ष झालं, तुझा एक शब्द नाही. आणि पोहे मात्र आले. पिशवीला चिठ्ठी नाही, निरोप नाही. आणणारा म्हणाला, वहिनी काही बोलल्या नाहीत, फक्त पिशवी बोटीत ठेवली आणि बोट हलेपर्यंत बंदरावर उभ्या राहिल्या.

मला कळलं. तू माझ्याशी बोलत नाहीस, पण रांगेतल्या त्याच्यासाठी कांडतेस. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तो आपल्या आईचा पीळ तुझ्यात पुरा उतरला आहे.

यंदा शंभरावर माणसं झाली. सगळ्या खाणावळीला आता हा सण झाला आहे. ज्या बारा जणांनी त्याला उठवलं, तेच आता पहाटेपासून नारळ खवायला बसतात. रामदास तर सांगतो, आमच्या काकींची रांग. मी त्यांना बोल लावत नाही. लावायला तोंड कुठे आहे? ते फक्त म्हणाले होते. निवड मी केली होती.

तुला मी अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं सांगते. पहिल्या वर्षीच्या पत्रात मी लिहिलं की त्याने पोहे खाल्ले. तुला वाटत असेल, तीही थाप. ती थाप नव्हती. त्या पत्रातलं ते वाक्य तरी खरं होतं.

तो रांगेत होता, दुर्गा. पहिल्याच वर्षी.

डोक्यावरून गोणपाट घेतलं होतं, तोंड दिसत नव्हतं. मी वाढत वाढत त्याच्यासमोर आले. भुकेली माणसं पान वाढल्यावर थांबत नाहीत, वाढता वाढता हात घालतात. हा थांबला. उजव्या हाताने चिमूटभर पोहे उचलले आणि पानाच्या कडेला घास काढून ठेवला. मग जेवू लागला. तुला माहीत आहे, तो एकोणीस वर्षांचा असल्यापासून माझ्या ताटावर जेवला. त्याच ताटावर बघून मी त्याला तुझ्यासाठी पसंत केला. घास काढल्याशिवाय जेवत नाही, चांगल्या घरचा मुलगा आहे, असं मीच बाबांना सांगितलं होतं. तो हात मी ओळखणार नाही?

मी उभी राहिले. त्याने पहिला घास चावला आणि तो थांबला. मान वर केली नाही. खालीच बघत म्हणाला, "आक्का, कच्चे आसतीत तर मूठभर दी माका."

माझ्या कमरेला तुझीच पिशवी होती, उरलेल्या पोह्यांची. मी मूठ भरली. त्याने धोतराचा सोगा पुढे केला. मी त्यात घातली. त्याने गाठ मारली. एवढंच.

मागून रामदास म्हणाला, "काकी, फुडे चला. लोकां खोळंबली." आणि मी पुढे गेले.

मला वाटलं, रांग संपली की परत येईन. सगळ्यांदेखत नको. रामदासने ओळखलं तर पुन्हा सगळं उकरून निघेल, खाणावळीचं नाव जाईल, रोगी माणूस या बाईच्या घरातला म्हणतील. खरं सांगते, हेच वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. रांग संपवून आले तर पान होतं, पानाच्या कडेला काढलेला घास होता, तो नव्हता. तेवढ्यात मंडळाचे लोक नारळ घेऊन आले आणि मी पदर पुढे केला.

नंतर चार दिवस मी त्याला शोधलं. शिवडी, घोडपदेव, लोअर परळचे सगळे फुटपाथ धुंडाळले. मिळाला नाही. कुठेतरी असेल. तो माझ्यापासून लपतो आहे, एवढंच.

तुझी
बकुळा

*

॥ श्री ॥
लालबाग
२१ फेब्रुवारी १९६०

चि. सौ. दुर्गास आशीर्वाद.

तात्यांच्या अक्षरातलं तुझं कार्ड आलं. अडीच वर्षांनी पहिलं. चार ओळी. मी पंचवीस वेळा वाचल्या.

'येत्या चावदिसाला मी मुंबईला येते. राधाला बरोबर आणते. रांगेत वाढायला मी उभी राहीन. तुझ्यापासून लपतात ते माझ्यापासून लपणार नाहीत.'

दुर्गा, येऊ नकोस. इथे राहायला जागा नाही, खोलीत पुरुषमाणसं असतात. राधाची शाळा बुडेल. भाताच्या कापणीचे दिवस असतात, सासूबाईंना एकटीने निभणार नाही. रांगेतही आता फार गर्दी होते, धक्काबुक्की होते. बोट लागते तुला, हे विसरलीस काय?

पुन्हा वाचलं. मी लिहिलेलं मलाच पटत नाही. तरी पाठवते.

बकुळा

*

लालबाग
४ मे १९६०

चि. दुर्गास,

हे पत्र रामदास घेऊन येतो आहे. पावसाने बोटी बंद व्हायच्या आत बोट धरतो आहे. तोच वाचून दाखवील. मी त्याला पढवलं आहे, परड्यात आंब्याखाली न्यायचं, राधाला सासूबाईंकडे ठेवायचं, आणि मग पाकीट फोडायचं. तुला बोलायचं ते मध्येच बोल. तो ऐकून घेईल.

त्याने मायना वाचला आणि तुझ्या लक्षात आलं असेल की वर 'श्री' नाही आणि तुझ्या नावामागे 'सौ.' नाही. तो वाचायला चुकला नाही.

गणपत गेला, दुर्गा. आत्ता नाही. तीन वर्षं आणि पाच महिने झाले. १९५६ चा डिसेंबर होता. त्याने तुझे पोहे खाल्ले त्याला जेमतेम महिना झाला होता.

मला हे दुसऱ्या वर्षीच्या रांगेत कळलं. शांताला काही ठाऊक नाही असं मी तुला लिहिलं, ते खोटं. ती त्याच्याच शेजारी राहायची. पान संपवून ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, गेल्या साली पोहे बांधून नेले तो तुमच्या गाववाला होता का. मग तिने सगळं सांगितलं. तो त्याच भिंतीला होता, गोदामाच्या दुसऱ्या अंगाला, जिथे दुपारनंतर सावली येते. रोज सकाळी तो गाठ सोडायचा आणि पाच दाणे तोंडात टाकून चघळत बसायचा. पाचच. तिलाही एक दाणा द्यायचा. घे, माझ्या बायकोने कांडलेत, म्हणायचा. ती म्हणायची, अरे खाऊन टाक, सडतील. तो म्हणायचा, ह्ये संपले की घरी जाईन.

बाबासाहेबांची अंत्ययात्रा होती त्या दिवशी फुटपाथवरची तिची सगळी माणसं दादरला गेली. तीही गेली. त्याला पाणी ठेवून गेली होती. दुसऱ्या दिवशी आली तर जागा रिकामी. बेवारशी माणसांची गाडी येऊन घेऊन गेली होती. नाव कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. कुठे नेला, कुठे जाळला की पुरला, मी तीन ठिकाणी विचारून आले, मला कुणी सांगू शकलं नाही. तुला दाखवायला माझ्याकडे एक जागा आहे, ती भिंत.

मी शांताला विचारलं, गाठीत काय उरलं होतं. ती म्हणाली, "गाठ मी कवा सोडून बघितली नाय. त्याच्या घरची व्हती ती."

आता आणखी एक. मागे लिहिलं होतं की चार दिवस मी त्याला शोधलं. शिवडी, घोडपदेव, लोअर परळ. मी एक दिवसही गेले नाही. खाणावळीपासून ती भिंत पायी वीस मिनिटं. मी उंबऱ्याबाहेर पाऊल ठेवलं नाही, कारण सापडला असता तर आणायचा कुठे? त्याच खोलीत, त्याच बावीस जणांत? पुन्हा निवड करावी लागली असती, आणि पुन्हा मी तेच केलं असतं. ते मला माहीत होतं. महिनाभर तो माझ्यापासून वीस मिनिटांवर पाच-पाच दाणे खात बसला होता आणि मी इथे भाकऱ्या थापत होते.

रामदास, इथे थांबू नकोस. पुढचं तुझ्याबद्दल आहे, तेही वाच. दुर्गा, त्या बारा जणांत पुढे हा होता. याने म्हटलं होतं, एक तर तो, नाहीतर आम्ही. आणि रांगेत माझ्यामागे बादली घेऊन हाच उभा होता. मी त्याला हे सगळं परवा सांगितलं. तो म्हणाला, काकी, त्या दिवशी मीपण ओळखलेला. आवाज ओळखलेला. म्हणून तर म्हटलं फुडे चला.

चोराच्या मनात चांदणं. तीन वर्षं एकाच चुलीपाशी आम्ही दोघं त्याच्यासाठी नारळ खवत होतो आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत नव्हतो.

तू विचारशील, दुसऱ्या वर्षीच का नाही कळवलंस. कळवायला बसले होते. मयताची खबर म्हणून कार्डाचा कोपराही फाडला होता. मग वर 'सौ.' न लिहिता नाव लिहायला हात उठला नाही. आज नको, सण होऊन जाऊ दे, म्हटलं. तुझ्या घरात तू नवऱ्याची वाट बघणारी सून आहेस. उद्या विधवा झालीस की तुझं पान कुठे मांडतात, ते आपण आपल्या आत्याचं बघितलं आहे. हे कारण मी स्वतःला दिलं. ते खरं आहे, पण पुरं खरं नाही. पुरं खरं एवढंच की तुला तो गेला सांगितलं असतं तर कसा गेला ते सांगावं लागलं असतं. म्हणून मी तुला कुंकू लावू दिलं, तुला भात भिजवू दिला, भाजू दिला, कांडू दिला, बंदरावर उभं राहू दिलं. दर वर्षी. तुझ्या हाताला पडलेले घट्टे माझे आहेत.

तीन दिवसांपूर्वी राज्य झालं. संयुक्त महाराष्ट्र मिळाला. लालबागला रस्ताभर गुलाल, लेझीम, तोरणं. संचारबंदीत इथल्या पोरांनी रक्त सांडलं, त्यांच्या आया रडत होत्या आणि हसतही होत्या. मंडळाने ठरवलं, घोडपदेवच्या रांगेला शिरापुरी घालायची आणि वाढायला बकुळाकाकीच हव्यात. मी नाही म्हटलं नाही. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. शांताही बसली होती. म्हणाली, हा सण माझापण हाय, आज सणाचं म्हणून वाढ. मी वाढत गेले आणि प्रत्येकाचा उजवा हात बघत गेले. तो गेला हे मला अडीच वर्षं ठाऊक आहे, तरी बघते. घास कुणीच काढून ठेवला नाही. दोनशे माणसांचा आशीर्वाद घेऊन आले आणि दार लावून भिंतीला पाठ टेकून बसले. मला कुणी शिवी देईल का, असं वाटत होतं. दिली असती तर बरं वाटलं असतं.

आता चावदिसाला ये किंवा येऊ नकोस. आलीस तर भिंत दाखवीन आणि तिथे तू मला काय म्हणशील ते खाली मान घालून ऐकीन. नाही आलीस तर समजेन. माफी मागत नाही. मागायची ती माणसं दोन, एक गेलं आणि दुसऱ्याला मी तीन वर्षं फसवलं. कुंकवाचं काय करायचं ते तू ठरव. सासरच्यांना ठरवू देऊ नकोस. रांग यापुढे घालायची की नाही, तेही तूच सांग. तुझ्या पोह्यांवाचून ती मला घालता येणार नाही, आणि पोहे मागायचा मला हक्क नाही.

गेल्या दिवाळीच्या पिशवीतले थोडे मी शिजवले नव्हते. मूठभर आहेत. ते फडक्यात बांधून त्याच्या ताटात ठेवले आहेत. ताट रामदासकडे आहे, पत्र संपल्यावर तो देईल. चार वर्षं ते माझ्या फळीवर पालथं होतं. यायचा असलेल्या माणसाचं ताट म्हणून येणारा-जाणारा बघत होता आणि मी बघू देत होते. काल ते मी काढलं, चिंचेने घासलं. ठिपके अजून स्पष्ट आहेत, बोटाने चाचपलेस तरी नाव लागेल.

तुझ्या घरी ते कुठेही ठेव. पण दुर्गा, पालथं ठेवू नकोस.

बकुळा